गाजराच्या शेवया

आहारतज्ज्ञ बाई फोनवर माझ्या पोटाच्या पथ्याची यादी सांगायला लागल्या तेव्हा मी वहीत दोन रकाने आखून बसले होते, "चालेल" आणि "चालणार नाही". पहिली पाच मिनिटं दुसराच रकाना भरत गेला. कांदा, लसूण, गहू, तुरीचं वरण, हरभऱ्याची डाळ, बेसन, राजमा, दूध, फ्लॉवर, सफरचंद, आंबा, मध. लातूरच्या घरात तुरीचं वरण बंद करायचं म्हणजे काय, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. राहतात छत्रपती संभाजीनगरला, पण माहेर औशाचं. "चार आठवडे, ताई. जन्मभर नाही," त्या म्हणाल्या. मी ते वाक्य पानाच्या वर लिहिलं आणि त्याला चौकट केली. पुढच्या महिन्यात ती चौकट मी किती वेळा बघितली असेल, सांगता येणार नाही.

मी निलंग्याच्या बाजूला एका शाळेत शिकवते. रोज एसटीनं जाणं-येणं. सहा-सात वर्षांपासून दुपार झाली की पोट फुगायचं. सकाळी नीट बसलेली साडी तिसऱ्या तासाला काचायला लागायची, परकराची नाडी दोनदा सैल करावी लागायची. कधी चार-चार दिवस पोट साफ नाही, तर कधी सकाळी तीनदा जावं लागून पहिली गाडी चुकायची. गाडीत बसायचं म्हणून मी सकाळचं खाणंच सोडून दिलं होतं. एका डॉक्टरांनी तीन वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. पोटावर हात ठेवूनसुद्धा बघितलं नाही, याचं दुःख मला अजून आहे.

दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र आधी सगळं नीट विचारलं. शौचातून रक्त जातं का, वजन उतरलंय का, रात्री पोटात दुखून जाग येते का. मग रक्त, थायरॉइड, शौचाची तपासणी, दुर्बिणीची तपासणी. गव्हाच्या ॲलर्जीसारखा जो सीलिॲक नावाचा आजार असतो त्याचीही रक्ततपासणी. ती गहू सोडायच्या आधीच करायची असते, हे मला तेव्हा कळलं. गहू आधीच बंद केला तर आजार असूनही तपासणी चांगली येऊ शकते. म्हणून हे वाचून कुणी परस्पर पोळी बंद करू नये, आधी तपासून घ्यावं. माझं सगळं चांगलं आलं आणि निदान झालं इरिटेबल बॉवेल सिंड्रोमचं. आतड्याला जखम नाही, सूज नाही, पण ते हळवं झालंय.

यादीमागचं कारण बाईंनी समजावलं म्हणून मी ती पाळू शकले. काही पदार्थांत साखरेच्या लहान-लहान साखळ्या असतात. लहान आतड्यात त्या नीट शोषल्या जात नाहीत. पुढं जाताना त्या पाणी ओढतात आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवून वायू तयार करतात. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. पण ज्याच्या आतड्याच्या नसा हळव्या, त्याला तेवढ्याच ताणानं कळ येते. या साखळ्यांना मिळून फॉडमॅप म्हणतात, आणि त्या कमी करायचा हा आहार ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी बसवला. त्याचे तीन टप्पे. दोन ते सहा आठवडे सगळं बंद, मग एकेक गट परत खाऊन बघायचा, आणि मग ज्याला जे सोसतं तेवढं कायम ठेवायचं.

ज्वारी चालत होती, हे माझं नशीब. भाकरी, तांदूळ, बटाटा, भेंडी, शेंगदाणे, तीळ, तूप, एवढ्यावर घर चालतं. मग नूडल्स कशाला? त्याला कारण लेक. ती बारावीला, नीटची तयारी करत होती. शनिवारी संध्याकाळी क्लास सुटला की मी तिला घ्यायला जायचे आणि आम्ही दोघी चायनीजच्या गाडीवर एक प्लेट नूडल्स अर्धी-अर्धी खायचो. आठवड्यातली तेवढीच वीस मिनिटं ती पुस्तकाशिवाय माझ्याशी बोलायची. नूडल्स मैद्याच्या, सॉसमध्ये कांदा-लसूण, वरून कोबी-कांद्याचा ढीग. पथ्य सुरू झालं त्या पहिल्या शनिवारी ती म्हणाली, "मम्मी, मी पण नाही खात." तिनं माझ्यासाठी सोडावं हे मला नको होतं.

बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, भाज्यांच्या नूडल्स करा. झुकिनी, गाजर, पांढरा मुळा, नवलकोल. झुकिनी आमच्याकडं भाजीवाल्याकडं मिळत नाही. एका मोठ्या दुकानात थर्माकोलच्या ताटलीत दोन मिळाल्या, हिरव्यागार, काकडीसारख्या.

पहिल्या वेळी मी सगळंच चुकवलं. एक अख्खी झुकिनी किसणीवर किसली, कढईत टाकली, मीठ घातलं आणि भाजीला ठेवतो तसं वर झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी झाकण काढलं तर तळाशी पाणी आणि पाण्यात हिरवट लगदा. झुकिनीत शंभरातले नव्वदहून जास्त भाग पाणीच असतं. मीठ लागलं की ते सुटतं आणि झाकणामुळं कढईतच राहतं. टाकवेना म्हणून मी तो सगळा खाल्ला. रात्री पोट नगाऱ्यासारखं. सकाळी रडकुंडीला येऊन बाईंना फोन केला की यादीतलंच खाल्लं आणि तरी दुखलं.

"किती खाल्लंत?"

"एक."

"अख्खी? ताई, झुकिनी ६५ ग्रॅमपर्यंत. शंभर ग्रॅमच्या पुढं तिच्यातही त्याच साखळ्या, गव्हा-कांद्यासारख्या."

माझी वही तिथं बदलली. "चालेल" आणि "चालणार नाही" असे रकाने करून हे पथ्य होत नाही. तिथं तिसरा रकाना लागतो, "किती". गाजर ७५ ग्रॅम, कोबी ७५ ग्रॅम, हिरवी ढोबळी मिरची ७५ ग्रॅम, शेंगदाणे दोन चमचे. शिवाय चार भाज्या थोड्या-थोड्या एकत्र केल्या तर त्यांची बेरीज होते, तीही बघायची. मी स्वयंपाकात कधी काही मोजलं नव्हतं. हाताच्या अंदाजानंच पंचवीस वर्षं घर चालवलं. पण डिजिटल काटा आणला आणि मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवला.

लेकीनं ऑनलाइन एक यंत्र मागवलं, पेन्सिलच्या शार्पनरसारखं. भाजी आत घालून पिळत गेलं की लांब-लांब तार निघते. या वेळी झुकिनीचा बियांचा मऊ गाभा घेतला नाही, नुसता बाहेरचा घट्ट भाग. तारांना चिमूटभर मीठ लावून चाळणीत वीस मिनिटं ठेवल्या, खाली वाटीभर पाणी साचलं. मग मूठ आवळून पिळल्या. पाणी गेलं, पण मुठीत राहिला एक घट्ट गोळा. तवा तापवून तो सोडवत बसले तर निम्म्या तारा तुटल्या आणि उरलेल्या एकमेकींना चिकटल्या.

आत्याबाई दारात बसून हे सगळं बघत होत्या. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, पण नजर शाबूत.

"काय करूलालीस गं?"

"भाजीच्या शेवया करतेय, आत्याबाई. पोटासाठी." नूडल्स म्हणण्यापेक्षा तेच बरं वाटलं.

"शेवया अशा पिळतेत व्हय? गोळा हुनार नाही तर काय. आन इकडं. आन ते गाजर बी आन."

मी गंजगोलाईच्या बाजारातून आणलेली गाजरं होती, हिवाळ्यातली लाल, लांब. त्यांच्या मधला कडक पिवळट दांडा यंत्रात अडकत होता, म्हणून तो सोडून बाहेरच्या भागाची तार काढली. आत्याबाईंनी धुतलेलं जुनं धोतराचं फडकं मागितलं, सूप उलटं करून त्यावर पसरलं. तळहाताला तेलाचं बोट लावून दोन्ही हात चोळले आणि तारा उचलून फडक्यावर एकेक मोकळी करायला लागल्या. अंगठा आणि पहिलं बोट, एवढंच हलत होतं. दोन तारा चिकटलेल्या दिसल्या की नखानं मधोमध फोडायच्या, खेचायच्या नाहीत. एकही तुटली नाही. मला ते बघताना माझ्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवला. रात्री भिजवलेली खपलीची कणीक, पहाटे पाट, बाजेवर अंथरलेलं धोतर आणि त्यावर केसासारख्या शेवया. ऊन चढायच्या आत आटपायचं म्हणून सगळ्यांची घाई, आणि आत्याबाई मात्र अशाच शांत. गेली दहा वर्षं त्यांना पाटावर बसता आलेलं नाही.

सूप मागच्या दारी कोवळ्या उन्हात अर्धा तास ठेवलं. गाजराच्या तारा वरून किंचित सुकल्या आणि सुतासारख्या वळायला लागल्या. ताज्या तारा ताठ असतात, उलथनं लागलं की मोडतात, या मोडल्या नाहीत. झुकिनीच्या तारांचं उरलंसुरलं पाणी फडक्यानं पिऊन घेतलं. मला दोन आठवडे जे जमत नव्हतं ते तेवढ्यानं जमलं. पुढं झुकिनी संपली, परत आणली नाही. गाजर आणि पांढरा मुळा यांच्यावरच माझं भागायला लागलं. मुळ्याचा उग्रपणा तवा चांगला तापलेला असेल तर राहत नाही.

आता चव. भाज्यांच्या तारा मीठ-मिरी घालून खाल्ल्या की पोट भरतं पण जेवल्यासारखं वाटत नाही. मला कळत होतं काय कमी आहे. लसूण. आमच्या घरात सकाळची सुरुवातच लसणाच्या फोडणीच्या वासानं होते. आणि त्या महिन्यात माझ्यासाठी वेगळी कढई होती, तिच्यात तो वास नव्हता.

यावरचा उपाय बाईंनीच सांगितला आणि तो कसा चालतो ते लेकीनं सांगितलं. लसणातल्या त्या साखळ्या पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. वास आणि चव मात्र तेलात उतरते. म्हणजे तेलात लसूण परतायचा आणि काढून टाकायचा. वास राहतो, त्रास जातो. पण लसूण काढायच्या आधी त्या तेलात पाणी सुटणारं काहीही पडता कामा नये. रस्सा करून नंतर पाकळ्या वेचून काढल्या तर उपयोग नाही, तोवर जे उतरायचं ते रश्शात उतरलेलं असतं.

घाण्याचं करडईचं तेल आमच्याकडं असतंच. दोन चमचे तेल अगदी मंद आचेवर, त्यात आठ पाकळ्या नुसत्या ठेचून. हळूहळू बुडबुडे येतात, पाकळीच्या कडा गुलाबी होतात, मग सोनेरी. तिथंच काढायच्या, जळाल्या की तेल कडू होतं. पहिल्या दिवशी हे तेल केलं आणि तो वास घरात पसरला तेव्हा मी गॅस बंद करून नुसती उभी राहिले. काढलेल्या पाकळ्या बघून आत्याबाईंचा जीव वरखाली झाला, "लसूण टाकून देतीस?" टाकत नाही. त्या तळलेल्या पाकळ्यांचा शेंगदाणे घालून ठेचा होतो, तो बाकीचे खातात. हे तेल मात्र बरणीत भरून ओट्यावर ठेवायचं नाही. लसूण घातलेलं तेल बाहेर राहिलं तर त्यात बोटुलिझमचे जिवाणू वाढू शकतात, जिवावर बेतण्याइतकं ते वाईट. मी त्या-त्या वेळेपुरतंच करते.

कांद्याच्या जागी कांद्याची पात, पण फक्त हिरवी. पांढरा भाग नाही. हिंगाच्या डबीवर काय लिहिलंय तेही वाचायला शिकले. बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तांदळाच्या पिठातला शोधून आणला. एकदा लेकीनं चव यावी म्हणून तयार नूडल मसाल्याची पुडी अर्धी भुरभुरली. पाठीमागं बारीक अक्षरात कांदा पावडर, लसूण पावडर. दोन दिवस गेले त्यात. तिला फार वाईट वाटलं, मी तिला काही बोलले नाही.

शेवटी जे बसलं ते असं. लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवायची. लसणाचं तेल, जिरं, आल्याचा बारीक कीस, अर्धी हिरवी मिरची. एवढ्याशा मिरचीत फॉडमॅपचा त्रास नाही, पण तिखटानं माझं पोट ढवळतं. आधी गाजराच्या तारा, मोठ्या आचेवर तीन मिनिटं, मग मुळ्याच्या, अजून दीड-दोन मिनिटं. झाकण नाही, सारखं हलवायचं नाही, आणि एका वेळी एकाच माणसाचं करायचं. कढई भरली की भाजी परतली न जाता उकडली जाते. मग चमचाभर चिंचेचा कोळ. मीठ अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर. वर दोन चमचे शेंगदाण्याचा जाडसर कूट, पातीचे हिरवे काप, कोथिंबीर. चिंच पानचिंचोलीची, आमच्या शाळेतल्या शिपाईमामांनी आणून दिलेली. तिला आणि आमच्या बोरसुरीच्या तूरडाळीला, कास्तीच्या कोथिंबिरीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यातली डाळ मला बंद होती, चिंच आणि कोथिंबीर तरी होती.

नुसत्या भाजीच्या शेवयांवर भागत नाही, हेही सांगायला हवं. पहिले दोन दिवस मी दुपारच्या डब्यात तेवढंच नेलं आणि चार वाजता हातपाय गळायला लागले. त्यात पीठ नाही, डाळ नाही, ताकद यायची कुठून? तेव्हापासून सोबत अर्धी ज्वारीची भाकरी किंवा उकडलेलं अंडं. शनिवारी लेकीसोबत खाताना तांदळाच्या नूडल्स निम्म्या आणि भाजीच्या तारा निम्म्या. लेकीला हे मिश्रण इतकं आवडलं की तिनं गाडीचं नाव काढलं नाही. आमची वीस मिनिटं आता स्वयंपाकघरात, ओट्यापाशी उभं राहून.

पथ्य ९ डिसेंबरला सुरू केलं होतं. ३० तारखेला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आली. त्या दिवशी अख्खा जिल्हा शेतात असतो. आमच्याही शेतात कडब्याची कोप, आत पांडव म्हणून मांडलेले पाच दगड, आणि मग पंगत. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. भज्जीत हिरवा हरभरा, तूर, वाटाणा, वर बेसन. आंबिलीत ताक आणि लसूण. भज्जीचं पातेलं उघडलं, वाफ अंगावर आली आणि मला खरंच रडू आलं. जाऊबाई म्हणाल्या, "वर्षातनं एकदा खाल्ल्यानं काय होत नाही, वैनी." त्यांनी मायेनंच म्हणलं. मी बाजरीचा उंडा घेतला, कारण बाजरी चालते, आणि डब्यातल्या गाजराच्या शेवया उघडल्या. आत्याबाईंनी माझ्या ताटातनं एक घास उचलला आणि पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिच्या शेवयाला नावं ठेवू नका, म्या वाळिवल्यात." पोरांनी डबा अर्धा संपवला. संध्याकाळी उन्हं उतरताना शेतातनं घराकडं चालत आले. साडी काचत नव्हती. येळवशीच्या संध्याकाळी असं कधी झालं नव्हतं.

चार आठवडे झाल्यावर एकेक गट परत घेऊन बघायला सुरुवात केली. एका वेळी एकच. पहिल्या दिवशी थोडं, दुसऱ्या दिवशी जरा जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमीइतकं, आणि मग पोट शांत होईपर्यंत थांबायचं. मी पहिलं तुरीचं वरणच घेतलं. दोन चमचे, भातावर, तूप घालून. अर्ध्या वाटीपर्यंत सोसतं, वाटीभर झालं की दुखतं. चहातलं दूध सोसलं. फ्लॉवर नाही. लसणाची एक पाकळी सोसते. कांदा अजिबात नाही, चमचाभरसुद्धा नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. लेकीची बारावीची परीक्षा आली तेव्हा मी नवीन काही खाऊन बघायचं थांबवलं. तिला पेपरला सोडायला जायचं होतं.

गव्हाची पाळी म्हणून शेवटी राहिली. चैत्र लागल्यावर एक दिवस आत्याबाईंनी खपलीचे गहू आणायला लावले. पाटावर त्यांना बसता येत नाही, म्हणून पाट खुर्चीसमोर स्टुलावर तिरपा टेकवला. मी कणीक ओढून दिली, त्यांनी वळल्या. ओंजळभरच झाल्या, तेवढ्यानंही त्या दमल्या. खीर केली नाही, दूध आणि गहू एकत्र झाले तर काय बाधलं ते कळत नाही. नुसत्या उकडून तूप-साखर.

मी अर्धी वाटी काट्यावर ठेवली. आत्याबाई खुर्चीतनं पुढं वाकल्या. "किती झालं?"

"पन्नास."

"पुरं. उद्या वाढीव."

रात्री पोट गप्प होतं. दुसऱ्या दिवशी मी पाऊण वाटी घेतली.